शब्दांचा छंद आणि स्वतःचं संकेतस्थळ : वाचकांचे प्रश्न

निवृत्तीनंतर शब्द गोळा करत बसलेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे नेमानं येतात. वह्या भरलेल्या असतात, मुलगा किंवा नात ‘साइट काढून देते’ म्हणालेली असते, आणि तिथंच घोडं अडतं. या अंकात तेच प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तालुका माण, जिल्हा सातारा. विहीर, मोट, अवजारं, दळणकांडण यांचे दोनेक हजार शब्द वह्यांत आहेत. घरचे म्हणतात, मोठमोठे शब्दकोश इंटरनेटवर फुकट असताना तुझं संकेतस्थळ बघणार कोण? खरंच उपयोग आहे का?

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७, साधारण साठ हजार शब्द) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८ मध्ये सात विभाग, १९५० मध्ये पुरवणी) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त शोधता येतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेलं बोलींचं सर्वेक्षणही ऑनलाइन आहे. तेव्हा ‘नांगर : जमीन नांगरण्याचे अवजार’ असल्या नोंदींची भर घालून काही साधणार नाही.

पण कोशकार शब्द सुटासुटा देतात. ‘धाव’ घ्या. मोटेचे बैल ज्या उतारावरून जातात ती धाव, आणि गाडीच्या चाकावर तापवून चढवतात ती लोखंडी पट्टीही धाव. हे अर्थ मोठ्या कोशांत मिळतात. विहीर जितकी खोल तितकी धाव लांब लागते, कारण बैल जेवढे पुढे चालतात तेवढाच नाडा (मोटेचा दोर) ओढला जातो आणि तेवढीच मोट वर येते, हे मात्र दोन ओळींच्या अर्थात बसत नाही. धाव उतरती का, तर भरलेली मोट ओढताना बैलांचं वजन कामी यावं म्हणून. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटाला लागतं. नाडा, सोंड, धाव, थारोळं, पाट हा एक संच आहे, आणि तो संच म्हणून मांडणं हे कोशाला न जमणारं काम आहे. तुमचं संकेतस्थळ उभं राहील ते यावर.

सुरुवातीला एक चाचणी करा. वहीतले कोणतेही शंभर शब्द उचला आणि वरच्या दोन्ही कोशांत बघा. बघताना जुनं लेखनही शोधा. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, त्यामुळे तुमचा ‘धाव’ मोल्सवर्थमध्ये ‘धांव’ म्हणून आहे. नुसतं ‘धाव’ शोधून ‘कोशात नसलेला शब्द मिळाला’ असं जाहीर करणारे बरेच आहेत. शंभरांतले सत्तर त्याच अर्थानं सापडले तर उरलेल्या तिसांसारखे शब्द आणि सत्तरांमधले संच एवढ्यापुरतं संकेतस्थळ काढा. आणि हेतू एका वाक्यात लिहून ठेवा : ‘माण तालुक्यातले पाण्याशी आणि मोटेशी निगडित शब्द, विजेचे पंप येण्याआधीचे.’ ‘मायबोलीचे संवर्धन’ हा हेतू नव्हे. कोणता शब्द घ्यायचा नाही हे त्यातून ठरत नाही.

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे, मूळचा मालवणचा. मालवणी शब्दांचं संकेतस्थळ तयार आहे. ‘माझ्याविषयी’ या पानावर काय लिहावं? मुलीनं पदव्या, बढत्या आणि सत्काराचा फोटो टाकला आहे. मला ते मिरवल्यासारखं वाटतं.

तुम्हाला वाटतं ते रास्त आहे, पण ते पान काढून टाकू नका, बदला. शब्दांच्या छांदिष्ट संकेतस्थळावर ‘माझ्याविषयी’ हे सगळ्यात कामाचं पान असतं. तुमच्या शेकडो नोंदींना छापील आधार नाही. आधार आहे तो तुमच्या कानाचा. तो कान कुठं तयार झाला हे कळल्याशिवाय अभ्यासकाला त्या नोंदी वापरताच येत नाहीत.

तेव्हा बढत्या काढा आणि पुढची माहिती घाला. बालपण कोणत्या गावात, कितव्या वर्षापर्यंत. घरात काय बोलत, शाळेत काय. आईचं माहेर कुठलं, कारण घरातले निम्मे शब्द तिकडून येतात. नोकरीनिमित्त कुठं किती वर्षं, कारण कोल्हापुरात आठ वर्षं काढलेल्या माणसाच्या मालवणीत तिकडचे शब्द मिसळतात आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. इतर कोणत्या भाषा येतात. आणि ज्या धंद्याचे शब्द देता तो धंदा स्वतः केला आहे का, की किनाऱ्यावर उभं राहून पाहिला आहे.

नमुना असा :

‘जन्म १९५२. सोळाव्या वर्षापर्यंत मालवण तालुक्यात. घरात मालवणी, शाळेत प्रमाण मराठी. आईचे माहेर राजापूर, तिच्याकडून आलेल्या शब्दांपुढे “रा.” अशी खूण आहे. नंतर नोकरीनिमित्त कोल्हापूर, नाशिक, ठाणे. समुद्रावर मी काम केलेले नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे), जाळी आणि होडी यांचे शब्द रापणकार आणि तांडेल यांच्याकडून ऐकून, त्यांना वाचून दाखवून मग घेतले. मला कोंकणी समजते, लिहिता येत नाही.’

यात ‘समुद्रावर मी काम केलेले नाही’ हे वाक्य लाखमोलाचं आहे. ते वाचणाऱ्याला सांगतं की रापणीच्या दोरांच्या नावांसाठी तुमच्यावर एका मर्यादेपर्यंतच भिस्त ठेवावी, आणि घरातल्या स्वयंपाकाच्या शब्दांसाठी पूर्ण ठेवावी. सत्काराच्या फोटोतून यातलं काहीच कळत नाही.

घराचा पत्ता, पूर्ण जन्मतारीख, मोबाइल क्रमांक यांपैकी काही घालू नका. जन्माचं साल पुरे. संपर्कासाठी फक्त संकेतस्थळापुरतं वेगळं ईमेल काढा. शब्द सांगणाऱ्यांची नावंही पानावर नकोत. त्यांना ‘म१, म२’ असे संकेत द्या, आणि कोणता संकेत कोणाचा ते घरच्या वहीत ठेवा.

निवृत्त तलाठी, लातूर. महसुली शब्द एक्सेलमध्ये भरतो आहे. ७/१२ लिहिलं की ‘१२ जुलै’ नाहीतर ‘७ डिसेंबर’ होतं. ‘-वार’, ‘-पट्टी’ असे प्रत्यय लिहिले की चूक दाखवतं. शिवाय कोणते रकाने ठेवावेत?

एक्सेलला इंग्रजी आकड्यांतलं ७/१२ ही तारीख वाटते आणि उणे चिन्हानं सुरू होणारा मजकूर सूत्र वाटतो. शब्द भरायच्या आधी सगळे रकाने निवडून त्यांचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. हे आधीच करायचं. एकदा तारीख झालेला सातबारा नंतर टेक्स्ट केला तर तिथं पाच आकडी संख्या उगवते. एखाददुसरी नोंद असेल तर आधी एक अपॉस्ट्रॉफी टाकून लिहिलं तरी चालतं.

रकान्यांचा मूळ नियम : एका ओळीत एक अर्थ. ‘धाव’चे दोन अर्थ म्हणजे दोन ओळी, दोन नोंद क्रमांक. पहिला रकाना नोंद क्रमांकाचाच. तो एकदा दिला की नोंद खोडली तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. मग शब्द प्रमाण लेखनात, ऐकला तसा उच्चार, कोशातलं जुनं लेखन, व्याकरण, अर्थ, ऐकलेलं वाक्य, क्षेत्र (महसूल, पाणी, सुतारकाम), गाव-तालुका, साधारण दशक, सांगणाऱ्याचा संकेत, आणि कोणत्या कोशात मिळाला. एकूण बारा. यापेक्षा जास्त रकाने ठेवले की पन्नासाव्या नोंदीपासून ते रिकामे राहायला लागतात.

व्याकरणात लिंग न चुकता लिहा. बाग, तंबाखू, ढेकर हे शब्द कुठं पुल्लिंगी, कुठं स्त्रीलिंगी चालतात. तुमच्या गावात कसे, हीच माहिती असते. उच्चाराच्या रकान्यात च आणि ज कोणता तेही नोंदवा : चहातला तालव्य की चाकातला दंत्य, जीवनातला की जुन्यातला. लिपी हा फरक दाखवत नाही आणि अनोळखी शब्दात वाचणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही. ‘ता’ किंवा ‘दं’ एवढं पुरतं. वाक्य मात्र ऐकलेलंच हवं. अर्थ पटावा म्हणून स्वतः बनवलेलं वाक्य लगेच ओळखू येतं, कारण त्यात शब्दाची व्याख्याच दडलेली असते : ‘पोटखराबा म्हणजे लागवडीला निरुपयोगी असलेली जमीन आमच्या गटात होती.’ असं कुणी बोलत नाही.

तुमच्या शब्दांबाबत आणखी एक. फेरफार, आणेवारी, खातेफोड हे शब्द कागदावर एका अर्थानं आणि चावडीवर जरा वेगळ्या अर्थानं चालतात. कायद्यातला अर्थ कुठंही मिळेल. शेतकरी तो शब्द कसा वापरत होते, ते तुम्हीच सांगू शकता. ती ओळ वेगळी करा.

दोन अपघात नेहमीचे. एकच रकाना निवडून क्रम लावला की शब्द हलतात, अर्थ जागेवर राहतात, आणि सगळी वही विस्कटते. क्रम लावण्याआधी पूर्ण तक्ता निवडा आणि कालची प्रत तारखेच्या नावानं जपा. दुसरा : खात्री नसलेल्या नोंदी पिवळ्या रंगात ठेवणं. संकेतस्थळासाठी फाइल सीएसव्हीत (नुसता मजकूर ठेवणाऱ्या साध्या तक्त्यात) काढली की रंग उडतात. शंका रंगात नको, अक्षरांत लिहा. आणि सीएसव्ही काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्या. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.

निवृत्त मुद्रितशोधक, पुणे. माझ्या संकेतस्थळावर ‘डॉक्टर’ शोधलं तर मिळत नाही, पण यादीत दिसतो. ‘कळप’ हा ‘कवडी’च्या आधी येतो. जुन्या श्रीलिपीतल्या फाइलींचं तर इंग्रजी भेंडोळं झालं आहे. हे सगळं एकाच रोगाचं लक्षण आहे का?

तीन वेगळे रोग आहेत, पण घराणं एक.

‘डॉक्टर’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. ‘ॉ’ हे एक चिन्ह म्हणून, किंवा काना आणि त्यावर वेगळा चंद्र म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ऑ’ आणि ‘आ + चंद्र’, ‘ॲ’ आणि ‘अ + चंद्र’ यांचं तेच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) २००८ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात जोडकाम किंवा हिंदीतला ‘ऍ’ दिसेल. उपाय असा, की प्रत्येक शब्दाचा एक अदृश्य ‘शोधरकाना’ बनवायचा आणि त्यात सगळी रूपं एका साच्यात आणायची. वाचणारा शोधपेटीत जे टाइप करील तेही त्याच साच्यातून काढायचं. दोन्हीकडे न केलं तर फायदा शून्य.

या सफाईत क्रम महत्त्वाचा, आणि इथं जाणते प्रोग्रामरही फसतात. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो : ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र्’नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) टाकून. सफाईची सुरुवात जर ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ अशी केली, तर दुसऱ्या तऱ्हेच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून आधी ‘र् + जोडचिन्ह’ या जोडीचं ‘ऱ्’ करायचं, आणि मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. शोधरकान्यातच सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करून टाका, म्हणजे ‘शक्ति’ लिहिणाऱ्यालाही ‘शक्ती’ सापडते. दिसणाऱ्या शब्दाला अर्थातच हात लावायचा नाही.

‘कळप’चं कारण साधं आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला ल च्या लगेच पुढची जागा आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. संकेतस्थळ नुसत्या तक्त्याच्या क्रमानं लावलं की कलम, कळप, कवडी, कहर असं येतं. हवं असतं कलम, कवडी, कहर, कळप. प्रोग्रामरला ‘मराठी कोलेशन (वर्णक्रम) लाव’ सांगा. ते जमत नसेल तर एक क्रमरकाना करा आणि त्यात प्रत्येक ळ च्या जागी अवग्रह (ऽ) घाला. अवग्रहाची जागा तक्त्यात ह नंतर आणि काना-मात्रांच्या आधी आहे, त्यामुळे क्रम आपोआप बसतो. ‘ॲ’ची जागा तर तक्त्याच्या पार शेवटाकडे, ‘ॲसिड’ हे ‘हौद’च्याही मागे जातं. क्रमरकान्यात त्याऐवजी हिंदीत वापरतात तो ‘ऍ’ घाला, म्हणजे तो ए च्या आधी येऊन बसतो. क्ष आणि ज्ञ हे क आणि ज च्या पोटात ठेवायचे की शेवटी, हा तुमचा निर्णय. घ्या, आणि पहिल्या पानावर सांगून टाका.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. फाँट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते. मजकूर नष्ट झालेला नसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, पण फाइल ज्या फाँटात आहे त्याच फाँटाचा परिवर्तक लागतो. नुसतं ‘श्रीलिपी’ सांगून भागत नाही, त्यातला नेमका फाँट सांगावा लागतो. बदलायच्या आधी, जुन्या संगणकावर फाँट शाबूत असेल तर, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. नंतर ताडून बघायला दुसरं साधन उरत नाही. ताडताना चार जागा आधी बघा : जोडाक्षरावरची पहिली वेलांटी (जुन्या फाँटात ती अक्षराआधी टाइप होई, युनिकोडमध्ये नंतर), रफार, ऱ्य-ऱ्ह, आणि काना-चंद्र. तुमची नजर मुद्रितशोधकाची आहे. पहिल्या पाचशे ओळींत चुकांचे प्रकार हाती लागतील. ते एकगठ्ठा बदलून घ्या. ओळीओळीनं दुरुस्त करत बसू नका.

निवृत्त अभियंता, न्यू जर्सी. शेजारच्या काही मराठी मित्रांनी मिळून कारागिरांच्या शब्दांचा संग्रह केला आहे. वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवायची तयार प्रणाली) घ्यावं की साधी पानं? जागा किती लागेल? पत्ता देवनागरीत घ्यावा का?

जागेची चिंता सोडा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. पाच हजार नोंदी, प्रत्येकी तीनशे चिन्हं धरली तर पंधरा लाख चिन्हं, म्हणजे साडेचार एमबी. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढं.

नोंदी रोज बदलत नसतील तर आमचं मत साध्या, स्थिर पानांकडे. सीएसव्हीवरून एक छोटा प्रोग्राम सगळी पानं बनवतो आणि ती कुठंही ठेवता येतात. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी एक जीबीपर्यंत फुकट. वर्डप्रेस सोपं वाटतं, पण प्लगइन (जोडसाधनं) आणि अद्ययावतीकरण कुणीतरी बघावंच लागतं. वर्षभर दुर्लक्ष झालं की आत कुणीतरी शिरतं आणि तुमच्या सुतारकामाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती येतात. मित्रांपैकी तिघे-चौघे वेगवेगळ्या गावांतून नोंदी भरणार असतील तरच ते घ्या.

प्रत्येक शब्दाला स्वतंत्र पान द्या. सगळा संग्रह एकाच पानावर शोधपेटीच्या मागे ठेवला तर गूगलवरून येणाऱ्याला तो सापडत नाही. पानाच्या पत्त्यात रोमन अक्षरं आणि नोंद क्रमांक ठेवा. देवनागरी पत्ता पाठवताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या ‘धाव’ची सत्तावीस. लोकांना तो दुवा संशयास्पद वाटतो आणि ते उघडत नाहीत. ‘.भारत’ हा देवनागरी डोमेन (संकेतस्थळाचं नाव) २०१४ पासून मिळतो. हौसेनं घ्यायचा तर जरूर घ्या, पण जोडीला रोमन नाव हवंच.

पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवायला विसरू नका. नोटो देवनागरीसारखे फाँट ती खूण वाचून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, जे राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत आहेत. खूण नसेल तर हिंदी वळण येतं. अक्षर अठरा पिक्सेलपेक्षा लहान नको आणि दोन ओळींत अक्षराच्या किमान दीडपट अंतर हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. वह्यांच्या पानांचे फोटो टाकायचे तर टाका, पण नोंदीच्या जोडीला. फोटोतला शब्द कुणालाही शोधता येत नाही.

छत्रपती संभाजीनगर. लोक शब्दांच्या गमतीदार व्युत्पत्ती पाठवतात. पानावर घालाव्यात का? आणि कोशातले अर्थ जसेच्या तसे घेतले तर चालतील का?

इंग्रजीत ‘पॉश’ची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर धनिकांना येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीची खोली मिळे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे ‘पॉश’. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. ब्रिटनमधले मायकेल क्विनियन यांनी १९९६ पासून वीसेक वर्षं ‘वर्ल्ड वाइड वर्ड्स’ हे शब्दांचं संकेतस्थळ चालवलं. त्यांच्या कामाचा मोठा भाग असल्या कथा तपासण्यात गेला. आद्याक्षरांवरून शब्द बनल्याची कथा आली की तिकडे शंकेनंच बघा. ‘एका राजाला एकदा...’ अशी सुरुवात असेल तर आणखी.

व्युत्पत्ती द्यायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : ध्वनी, अर्थ, आणि शब्द इथं पोचण्याची वाट. घमेलं आणि पोर्तुगीज ‘गामेला’, चावी आणि ‘शाव्ह’ (जुन्या उच्चारात ‘चाव्ह’) यांत तिन्ही जुळतात. शंका आली की कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश, भारतीय आर्य भाषांसाठी टर्नर यांचा कोश, आणि कानडी-तेलुगू धाग्यासाठी बरो-एमेनो यांचा द्राविडी कोश बघा. शेवटचे दोन ऑनलाइन आहेत. काहीच मिळालं नाही तर ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ लिहा. आलेली कथा ठेवायचीच असेल तर ‘लोकसमजूत’ अशा वेगळ्या रकान्यात ठेवा. तीही पुढे कुणाच्या कामाची असू शकते.

अर्थांचं म्हणाल तर शब्दावर कुणाचा हक्क नसतो. कोशकारानं लिहिलेल्या व्याख्येवर असतो. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. दोघे लेखक असतील तर मागाहून वारलेल्याच्या मृत्यूपासून मोजायचं. मोल्सवर्थ केव्हाच मोकळा झाला. इतर कोशांचे स्कॅन कुठंतरी फुकट दिसतात म्हणून ते मोकळे ठरत नाहीत. अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कोशाचं नाव द्या.

कोल्हापूर. माझ्यामागं संकेतस्थळाचं काय होईल? मुलांना यात रस नाही.

डोमेन आधी बघा. पुष्कळदा तो ज्या भाच्यानं काढून दिला त्याच्या खात्यावर असतो. तो तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर करून घ्या. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचं शुल्क भरता येतं. मुदत टळली की नाव कुणीही उचलतो आणि जुन्या पत्त्यावर भलतंच काही दिसायला लागतं.

पण जपायची ती सीएसव्ही फाइल. तीवरून संकेतस्थळ पुन्हा उभं करता येतं. उलट दिशेनं ते काम फार किचकट. फाइल संकेतस्थळावरच डाउनलोडला ठेवा आणि पुनर्वापराची परवानगी लिहून द्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी ‘श्रेय द्या, तशाच अटींवर वाटा’ हा ठेवलात तर नोंदी मराठी विक्शनरीतही (विकिपीडियाच्या धर्तीवरच्या मुक्त कोशात) जाऊ शकतात. परवानगी लिहिलेली नसेल तर तुमच्यानंतर साठ वर्षं वारसांच्या परवानगीशिवाय कुणालाही त्या नोंदींना कायदेशीर हात लावता येणार नाही, रस असला तरी. पानं इंटरनेट अर्काइव्हवर दर सहा महिन्यांनी नोंदवा, आणि एक छापील प्रत गावच्या वाचनालयात द्या.

मडगाव, गोवा. उच्चार ध्वनिमुद्रित करायचे आहेत. मोबाइल पुरेल का?

पुरेल. पंखा आणि फ्रिज बंद, खोलीत गादी-पडदे असावेत. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे प-फ-भ चा फुत्कार थेट माइकवर येत नाही. शब्द नुसता एकदा, मग वाक्यात, मग पुन्हा एकदा नुसता. लागोपाठ यादी वाचायला लावली की माणूस गाण्यासारखा सूर धरतो आणि प्रत्येक शब्दाचा शेवट वर जातो. म्हणून मध्ये वाक्य हवं. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात जपा, संकेतस्थळावर त्याची एकपदरी (मोनो) एमपीथ्री प्रत ठेवा. फाइलीला शब्दाचं नाव न देता नोंद क्रमांक द्या. बोलणाऱ्याची संमती मुद्रणाच्या सुरुवातीला त्याच्याच आवाजात घ्या. वेगळा कागद सांभाळावा लागत नाही.